फरक

माडग्याळच्या माळावर सकाळी सातला
मी मोजपट्टी उलगडते.
शिंप्याची आहे, जतच्या बाजारातली;
ऑफिसनं दिलेली गेल्या महिन्यात तुटली.
मेंढी वाघरीला टेकवून धरायची,
मागून वाकायचं
आणि कासेचा घेर घ्यायचा, हलक्या हातानं,
तिला वाटू नये की आपण काही चोरतोय.
घेर एकोणचाळीस. खोली तेरा.
डावा सड तीन, उजवा पावणेतीन,
दोन्ही सडांमधलं अंतर, आणि सडाचा कोन,
म्हणजे तो जमिनीकडे बघतो की क्षितिजाकडे.

हा कोन मला आवडतो.
जमिनीकडे बघणारा सड कोकराला चटकन सापडतो.
क्षितिजाकडे बघणारा
जन्मल्या जन्मल्या धडपडणाऱ्या तोंडाला
दोनदा तीनदा हुकवतो.
मी पंचेचाळीस अंश लिहिते.
निंगव्वा म्हणते, "ही बाजूला बगती."
दोघींचं म्हणणं एकच.

निंगव्वा मोजत नाही.
ती कास खालून तळव्यावर उचलते
पपई तोलावी तशी,
पिळून झाल्यावर पुन्हा उचलते.
"हिची बघ, रिकामी झाली की नुसती पिशवी. गुणाची.
त्या तिकडचीची भरली काय, रिकामी काय, तेवढीच.
नुसतं मांस. दिखाऊ."
मी शेऱ्यात लिहिते: पिळल्यानंतर आकुंचन उत्तम.
'दिखाऊ'साठी सरकारी शब्द सापडत नाही.

कचेरीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलंय,
विज्ञानाची कास धरा.
एकदा निंगव्वाला वाचून दाखवलं.
"धरायची तर हात धुऊन धरा म्हनावं,
न्हायतर दगडी हुती."

दुधाचं मोजमाप असं:
कोकराला चार तास आईपासून तोडायचं,
माझ्या ओढणीच्या झोळीत घालून काट्याला टांगायचं,
मग सोडायचं, पिऊ द्यायचं,
पुन्हा टांगायचं.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे दूध.
मधेच कोकरू मुतलं
तर तेवढं दूध मातीच्या नावावर.

आज बावन्न नंबरचं येणार नाही.
लांडग्यानं नेलं नाही, पोट फुगून गेलं पहाटे,
निंगव्वा सांगते, चुलीतली राख काटकीनं सारत.
मी रेघ मारायला पेन्सिल काढते.
"थांब की. ह्ये हाय न्हवं," म्हणत ती
वाघरीतून ओढून आणते
एक कोकरू, अंगात दुसरं कोकरू घातलेलं.
चार पायांना चार भोकं,
पोटाखाली सुतळीनं आवळलेलं बावन्नचं कातडं,
आत सत्तेचाळीस, आई नसलेलं.
कानातला पिवळा बिल्ला तेवढा खरं बोलतोय.

मेंढी शेपटीपाशी हुंगते.
पुन्हा हुंगते, जरा जास्त वेळ.
खूर आपटते.
निंगव्वा काही बोलत नाही, मीही नाही,
लांब कुठं पवनचक्कीचं पातं फिरतंय तेवढाच आवाज.
मग ती मागचे पाय फाकवते
आणि पान्हा सोडते.
कोकराची शेपूट थरथरते
दुसऱ्याच्या शेपटीखाली.

आधी सहा किलो दोनशे.
नंतर सहा किलो तीनशे वीस.
फरक एकशे वीस ग्रॅम.
कातडं दोन्ही वेळा तेवढंच भरलं,
ते वजाबाकीत आपोआप गेलं.
राहिला एक रकाना: कोकराचा क्रमांक.

निंगव्वा वाकून कागद बघते, वाचता येत नाही तरी.
"काय लिवलंस?"
"अजून काहीच नाही."
"मग तिलाच इचार की,"
आणि ती पुढची धरायला जाते.

पंचावन्न. कास लहान.
दोन्ही सड खाली बघणारे.